पंप पुन्हा पुन्हा का लागतो? घरी बांधलेल्या विमानाच्या गिअरमधला दाब शोधताना

लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) वर घेतलेला आहे, विमान समतल उडतंय, सगळं शांत आहे. मध्येच अँमीटरचा काटा उडतो, सीटमागून सेकंदभर ‘घर्रर्र’ असा आवाज येतो आणि थांबतो. सात-आठ मिनिटांनी पुन्हा तेच. हायड्रॉलिक गिअरचं विमान स्वतः बांधलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा आवाज कधी ना कधी ऐकलेला असतो. गिअरचा दाब उतरतोय, आणि पंप तो पुन्हा भरतोय.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे गिअर हलवणारे सिलिंडर उघडून सगळ्या ओ-रिंगा (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलणे. दोन शनिवार-रविवार जातात, हात तेलाने माखतात, आणि पंप तरीही आठ मिनिटांनी लागतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एकही नट सैल करण्याआधी दाब नक्की कोणत्या वाटेने जातोय हे घड्याळ आणि गेज घेऊन ठरवावं, अशा मताचा मी आहे. पाना त्यानंतर.

हा लेख लँकेअर ३२०/३६०, ग्लासएअर आरजी, व्हेलॉसिटी आरजी (आरजी म्हणजे आत घेता येणारा गिअर) अशा विमानांसाठी आहे, म्हणजे जिथे विजेच्या मोटरवर चालणारा पॉवरपॅक तेलाच्या दाबाने गिअर हलवतो. स्क्रू किंवा हँडलवर चालणाऱ्या गिअरचं दुखणं वेगळं असतं. तुमच्या विमानाचे दाबाचे आकडे तुमच्या किटच्या नकाशांतून आणि पॉवरपॅकच्या कागदांतून घ्या. खाली जे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत ते केवळ उदाहरण आहेत.

आधी तेलाचा रस्ता समजून घ्या

पॉवरपॅकमध्ये उलटसुलट फिरणारी मोटर, छोटा दातेरी चाकांचा पंप, तेलाची टाकी, चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब टाकीत सोडणारा) असतात. मोटर एका दिशेने फिरली की तेल ‘वर’च्या नळीत जातं, दुसऱ्या दिशेने फिरली की ‘खाली’च्या. ज्या नळीत दाब नाही तिच्यातलं तेल टाकीत परत येतं. गिअर पूर्ण वर गेला की दाब झपाट्याने चढतो, प्रेशर स्विच मोटर बंद करतो आणि चेक व्हॉल्व्ह ते तेल आत कोंडून ठेवतो.

या प्रकारच्या अनेक विमानांत गिअर वर धरून ठेवायला हुक, म्हणजे अपलॉक नसतो. लँकेअर ३२०/३६० मध्येही नाही. गिअर फक्त कोंडलेल्या तेलावर टेकलेला असतो. खाली मात्र ओव्हरसेंटर दुवा (सरळ रेषेच्या थोडा पलीकडे जाऊन अडकणारा सांधा) आणि स्प्रिंग असतात, त्यामुळे लॉक झालेला गिअर दाब गेला तरी उभा राहायला हवा. यात एक शहाणपण आहे: दाब गेला तर गिअर खालीच येतो. ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन्ही नळ्या जोडणारा एक डंप व्हॉल्व्ह कॉकपिटमध्ये असतो. तो उघडला की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि गिअर स्वतःच्या वजनाने, गॅस स्ट्रटच्या (दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या दांड्याच्या) आणि स्प्रिंगच्या जोराने उतरतो.

म्हणजे कोंडलेला दाब जायला मोजक्याच वाटा आहेत. नळी, फिटिंग किंवा सिलिंडरच्या दांड्याच्या सीलमधून बाहेर. पिस्टनच्या सीलवरून पलीकडच्या नळीत. डंप व्हॉल्व्हमधून पलीकडे. पॉवरपॅकच्या चेक किंवा रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत. आणि शेवटची वाट अशी की दाब उतरतो, पण तेल कुठेच गेलेलं नसतं. ही वाट सगळ्यांत जास्त लोकांना चकवते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

सहा थेंब आणि सोळा अंश

तेल दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकलो. थोडंसं दाबलं जातं, आणि आपल्या दुखण्याचं मूळ त्या ‘थोडंसं’मध्येच आहे. ५६०६ जातीच्या हायड्रॉलिक तेलाचा बल्क मॉड्युलस, म्हणजे दाबलं जाण्याला ते किती विरोध करतं याचं माप, साधारण २ लाख पीएसआय (चौरस इंचाला पौंड) धरा. ‘वर’च्या नळ्या आणि सिलिंडर मिळून १५० मिलिलिटर तेल कोंडलेलं आहे असं समजा. दाब ४०० पीएसआयने उतरायला किती तेल निसटावं लागेल? १५० गुणिले ४०० भागिले २,००,०००, म्हणजे ०.३ मिलिलिटर. थेंबांत मोजलं तर सहा. रबरी होज फुगतात आणि थोडी हवा असतेच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून मोठा येईल, पण तरी तो थेंबांतच राहील. चेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर (तो जिथे टेकून बंद होतो तिथे) केसाएवढा कण अडकला तरी पंप दर दहा मिनिटांनी लागू शकतो, आणि टाकीतली पातळी महिनाभर तसूभरही हलणार नाही.

आता थंडी. तेल दर अंश सेल्सिअसमागे साधारण ०.०००८ इतकं आकुंचन पावतं, आणि धातूची नळी त्यापेक्षा खूपच कमी. कोंडलेल्या जागेत हा फरक थेट दाबातून वजा होतो. अगदी कडक, लवचिकता नसलेल्या नळ्यांचा कागदी हिशेब केला तर एका अंशामागे शंभराहून जास्त पीएसआय जातात. होजच्या लवचिकतेमुळे खरा आकडा बराच कमी येतो, पण दिशा तीच. हवा दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी थंड होते. तळपत्या धावपट्टीवरून ८,००० फुटांवर गेलात की १६ अंश उतरले. चढताना पंप दोन-तीनदा लागला आणि समतल उडताना तासभर गप्प बसला, तर ती गळती नव्हे, ते भौतिकशास्त्र आहे. त्यासाठी सिलिंडर उघडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पायरी पहिली: आठवडाभर फक्त नोंद

पुढच्या तीन-चार उड्डाणांत गुडघ्यावरच्या वहीत एवढंच लिहा: पंप लागल्याची वेळ, उंची, बाहेरचं तापमान, गिअर वर की खाली, आणि पंप किती सेकंद चालला. यातून निम्मं निदान होतं.

फक्त चढताना लागतो, नंतर थांबतो: थंडी. ठरावीक अंतराने, सगळ्या उड्डाणभर लागतो: खरी गळती, आत किंवा बाहेर. अंतर आठवड्यागणिक कमी होतंय: सील झिजतोय किंवा कण बैठक खातोय. फक्त गिअर वर असताना लागतो: ‘वर’ची बाजू. फक्त खाली असताना लागतो: ‘खाली’ची बाजू. दोन्ही वेळा लागतो: दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या जागांचा संशय आधी घ्या, म्हणजे पिस्टनचे सील आणि डंप व्हॉल्व्ह.

पंप किती वेळ चालतो हेही बोलकं आहे. अर्धा सेकंद चालून थांबला तर थोडंच तेल भरायचं होतं. चार-पाच सेकंद घरघरत राहिला तर आत हवा आहे, टाकीत तेल कमी आहे किंवा एखादा पाय खरोखरच खाली ओघळला होता.

अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवणारी छोटी टाकी, बसवलेला असेल तर चित्र बदलतं. त्यातला नायट्रोजन उशीसारखा दाब धरून ठेवतो, म्हणून पंप क्वचित लागायला हवा. नायट्रोजन निघून गेला असेल तर पंप लागताक्षणी दाब टोकाला पोचतो आणि तितक्याच झटकन उतरतो. त्याचा भरणदाब तपासताना तेलाचा दाब आधी शून्यावर आणा, नाहीतर गेज तेलाचाच आकडा दाखवेल. आणि तिथे साधी दाबलेली हवा भरू नका. तेलाची वाफ आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र ठेवणं धोक्याचं असतं.

पायरी दुसरी: जॅकवर, आणि आधी सुरक्षितता

विमान जॅकवर घेताना शेपटीला वजन किंवा टेकू द्या. गिअरच्या वाटेत शिडी, पेटी, माणूस, मांजर काही नको. डंप व्हॉल्व्ह उघडताच तिन्ही पाय एकदम खाली येतात आणि बोट सापडलं तर ते दुव्यात चिरडतं. कॉकपिटमध्ये एकच माणूस असावा आणि बाहेरच्याने मोठ्याने ‘मोकळं’ म्हटल्याशिवाय त्याने स्विचला हात लावू नये. मोटर सतत चालवण्यासाठी बनवलेली नसते, म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर ती थंड होऊ द्या. बॅटरीला बाहेरून चार्जर लावा. कमी व्होल्टेजवर घेतलेली कोणतीही मोजणी फुकट जाते.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो. दाबाखाली असलेल्या नळीवरून गळती शोधायला कधीही हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पहिल्या तासात फारशी दुखतही नाही, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. आणि कोणतीही फिटिंग उघडण्याआधी पंपाचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढा, डंप व्हॉल्व्ह उघडा, गेज शून्यावर आल्याचं बघा.

गेज नसेल तर बसवून घ्या. ‘वर’च्या आणि ‘खाली’च्या अशा दोन्ही नळ्यांत टी-जोड टाकून एकेक गेज बसवलेला उत्तम. गेजशिवाय केलेलं निदान हे केवळ पंपाच्या आवाजावरून केलेलं निदान असतं, आणि आवाज खोटं बोलतो. प्रेशर स्विचच बिघडला असेल तर दाब जागच्या जागी असताना पंप लागतो. गेज लावलेला असेल तर हे पहिल्या मिनिटात कळतं आणि लेखाचा उरलेला भाग वाचायची गरज पडत नाही.

पायरी तिसरी: दाब उतरण्याची चाचणी

गिअर पाच-सहा वेळा वर-खाली करा, मग वर घेऊन पंप आपोआप बंद होऊ द्या. दहा मिनिटं थांबा, कारण पंपातून आलेलं तेल गरम असतं आणि निवताना दाब उतरतोच. पंपाला पुन्हा एकदा दाब भरू द्या आणि आता ब्रेकर ओढा. प्रत्येक पायाची जागा चिकटपट्टीवर रेघ मारून नोंदवा. मग ०, १, ५, १०, २० आणि ३० मिनिटांनी गेज वाचा.

हे सावलीत करा. पंखावर ऊन आलं की कोंडलेलं तेल प्रसरण पावतं आणि दाब स्वतःहून चढतो. गळती आपोआप बरी झाली असं वाटून माणूस खुशीत घरी जातो. माझी एक अख्खी दुपार अशी गेली आहे.

आकड्यांचा आलेख काढा. सुरुवातीला थोडा उतरून सपाट झाला तर निवणारं तेल, सावरणारे सील आणि फुगणारे होज, एवढंच. सारख्या उताराने खाली गेला तर गळती.

इथे एक फसवी जागा आहे. दाब ९०० वरून उतरत उतरत, समजा, ३५० ला येऊन थांबला. गळती थांबली? नाही. गिअरचं वजन पेलायला जेवढा दाब लागतो तिथे तो पोचला आहे. यापुढे दाब तसाच राहतो आणि पाय मिलिमीटर-मिलिमीटर खाली सरकू लागतो. गेज बोलायचा थांबला की चिकटपट्टी बोलू लागते, म्हणून त्या रेघा.

आणि जो पाय आधी ओघळला त्याचाच सिलिंडर गळतोय, असं मुळीच नाही. तिन्ही सिलिंडर एकाच ‘वर’च्या नळीवर टांगलेले असतात, दाब सगळीकडे सारखाच उतरतो, आणि ज्या पायाला धरून ठेवायला सर्वांत जास्त दाब लागतो तो आधी उतरतो. डावा पाय खाली आला म्हणून डावा सिलिंडर उघडणारे मी पाहिले आहेत. गळती निघाली डंप व्हॉल्व्हमध्ये.

पायरी चौथी: गळती आत की बाहेर

टाकीची पातळी दर वेळी गिअर एकाच स्थितीत असताना बघा. सिलिंडरमध्ये दांडा असलेल्या बाजूला दांड्याइतकं तेल कमी मावतं, म्हणून गिअर वर असताना आणि खाली असताना पातळी वेगवेगळीच दिसणार. वर असताना एकदा, खाली असताना एकदा वाचून ‘तेल गेलं’ असं ठरवू नका.

पातळी खरोखर उतरत असेल तर गळती बाहेर आहे. सगळ्या फिटिंगा कोरड्या पुसा, प्रत्येकीभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा, गिअर दहा वेळा फिरवा आणि रात्रभर दाबात ठेवा. ५६०६ तेल लाल असतं, सकाळी पट्टीवर गुलाबी डाग दिसतो. सिलिंडरचा दांडा आवर्जून बघा. त्यावर पातळ ओलसर थर असणं ठीक, टपोरा थेंब असणं ठीक नाही. नळी बल्कहेडमधून (विमानाच्या आतल्या भिंतीतून) जिथे जाते आणि क्लँपखाली जिथे दडते तिथे बोटांनी नव्हे, आरशाने बघा. अॅल्युमिनियमची नळी फायबरग्लासच्या कडेवर घासत राहिली तर फायबरच जिंकतो.

पातळी हललीच नाही तर गळती आत आहे, आणि आता खरा शोध सुरू होतो.

पायरी पाचवी: एकेक भाग वेगळा करणे

दाब शून्यावर आणा. पॉवरपॅकच्या ‘वर’च्या तोंडाजवळ गेज ठेवून पुढची नळी काढा आणि तिथे दाबाला पुरेल असं धातूचं टोपण बसवा. पंप क्षणभर चालवा. जागा इतकी छोटी आहे की दाब लगेच टोकाला जाईल. ब्रेकर ओढा आणि बघा. इथेही दाब उतरत असेल तर दोष पॉवरपॅकमध्ये आहे: चेक व्हॉल्व्ह, थर्मल रिलीफ (तेल तापून वाढलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा आतली एखादी ओ-रिंग. मात्र मघाचं गणित विसरू नका. एवढ्या छोट्या जागेत अर्धा थेंब गेला तरी काटा धाडकन पडतो, त्यामुळे इथे दोन-चार मिनिटांत थोडा उतार दिसला म्हणून पॉवरपॅकला दोषी ठरवू नका. आधी मोजलेल्या उताराशी प्रमाण लावून बघा.

पॉवरपॅक निर्दोष निघाला तर डंप व्हॉल्व्ह. त्याची ‘खाली’कडे जाणारी नळी काढून तिथलं तोंड उघडं ठेवा, काढलेल्या नळीला टोपण लावा, ‘वर’च्या बाजूला दाब द्या आणि खाली वाटी धरा. सुरुवातीला अडकलेले दोन-चार थेंब पडतील, ते मोजू नका. पाच मिनिटांनीही थेंब येत असेल तर सापडला. काही वेळा हा व्हॉल्व्ह बिघडलेला नसतो, नुसता पूर्ण बंद होत नसतो: केबल किंवा दांडी दोन मिलिमीटर कमी पडते, कॉकपिटमधलं हँडल बंद दिसतं, आतला बॉल अर्धवट राहतो. जोडणी काढून व्हॉल्व्ह हाताने बंद करून बघा. फुकटात सुटणाऱ्या मोजक्या दुखण्यांपैकी हे एक आहे.

मग सिलिंडर, एका वेळी एक. गिअर वर, दाबात. त्या सिलिंडरच्या ‘खाली’च्या तोंडावरची नळी काढा, नळीला टोपण, तोंडाखाली वाटी. ही नळी सैल करताना तिच्यात दाब नाही हे दुसऱ्या गेजवर बघा, आणि पायाखाली भक्कम टेकू ठेवा. पिस्टन टोकाला टेकलेला असताना उघड्या तोंडातून सतत येणारं तेल पिस्टनच्या सीलवरूनच येऊ शकतं, दुसरा रस्ताच नाही. मिनिटाला किती थेंब ते तिन्ही सिलिंडरचं लिहा. एकाचे आठ आणि बाकी दोघांचे शून्य असतील तर उघडायचा सिलिंडर एकच.

‘खाली’च्या बाजूचा दाब जात असेल तर हीच कसरत उलट करा. फक्त त्या वेळी पाय लॉक झालेले असतात, म्हणून काम सोपं जातं.

हवा: जी हटत नाही

तेलात हवा असेल तर पंप जास्त वेळ चालतो, गिअर हिसके देत हलतो आणि टाकीत फेस दिसतो. गिअर वर-खाली करत राहिलं की हवा टाकीत परत येऊन निघून जाते, असं सगळे सांगतात. एका अटीवर ते खरं आहे: सिलिंडरमध्ये मावणारं तेल त्याच्या नळीत मावणाऱ्या तेलापेक्षा जास्त हवं. नाकाच्या छोट्या सिलिंडरपर्यंत लांबलचक नळी गेली असेल तर तेच तेल आणि तोच बुडबुडा नळीत पुढे-मागे होत राहतो, टाकीपर्यंत कधी पोचतच नाही. शंभर फेऱ्या मारा, बुडबुडा तिथेच. अशा वेळी सिलिंडरजवळची फिटिंग पाव फेरी सैल करून, भोवती कापड धरून, पंप हलकेच टिचकी मारल्यासारखा चालवून हवा काढावी लागते. दाब चढायच्या आत पंप थांबवायचा, हे सांगायला नकोच. टाकीचं श्वासछिद्र बुजलेलं नाही ना, हेही बघा. ते बुजलं तर पंपाला तेल ओढताना उपाशी राहावं लागतं आणि तो किंचाळतो.

दुरुस्ती: ओ-रिंग काय सांगते

काढलेली ओ-रिंग फेकू नका, भिंगाखाली बघा. चपटी झालेली असेल तर वयाने किंवा उष्णतेने मेली. कडेने कुरतडलेली असेल तर दाबाने फटीत ढकलली गेली, म्हणजे फट जास्त आहे किंवा बॅकअप रिंग (ओ-रिंगला टेकू देणारी कडक कडी) हवी होती. साधारण १,५०० पीएसआयच्या पुढे बॅकअप रिंग लावायचा रिवाज आहे. मळसूत्रासारखा पीळ दिसला तर बसवताना वळली. एकच स्वच्छ काप असेल तर तोंडाच्या धारदार कडेवर सोलली गेली. ती कड मऊ न करता नवी रिंग घालाल तर तिचंही तेच होईल. मऊ, फुगलेली, चिकट असेल तर तेल चुकीचं आहे.

तेलाबद्दल थोडं थांबून. ५६०६ हे खनिज तेल, नायट्राइल रबराच्या सीलसाठी. त्यासाठीच्या ओ-रिंगा एमएस२८७७५ मालिकेतल्या. ८३२८२ हे कृत्रिम, जास्त आगरोधक तेल. तेही लालच, त्याच सीलना चालतं आणि ५६०६ मध्ये मिसळतं. मात्र कडक थंडीत ते जास्त घट्ट होतं: ५६०६ उणे ५४ अंशांपर्यंत वापरता येतं, ८३२८२ उणे ४० पर्यंत. मोठ्या विमानांचं जांभळट स्कायड्रॉल नायट्राइलला खाऊन टाकतं. आणि मोटारगाडीचं ‘ब्रेक ऑइल’ हे नावापुरतंच ऑइल असतं. ते ग्लायकॉल आहे, आणि त्याने या सीलचा लगदा होतो. एकदा चुकून टाकीत गेलं तर नुसतं काढून चालत नाही, सगळे सील आणि होज बदलून सगळी प्रणाली धुवावी लागते.

नवी रिंग बसवताना खाचेतून जुनी काढायला स्टीलची सुई नको, लाकडाची किंवा प्लास्टिकची काडी घ्या. खाचेच्या तळाला पडलेला एक ओरखडा पुढची दोन वर्षं छळतो. रिंग त्याच तेलात भिजवून, न पिळता बसवा. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवा. नखाला ओरखडा लागला तर नव्या रिंगने काही होणार नाही.

चेक व्हॉल्व्ह किंवा डंप व्हॉल्व्हमध्ये कण सापडला तर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय जोडाजोड करू नका. घरी बांधलेल्या विमानात संशयित ठरलेले असतात: नळी कापतानाचे अॅल्युमिनियमचे चुरे, सँडिंगची फायबरग्लासची धूळ, सोललेल्या ओ-रिंगचा तुकडा, आणि सगळ्यांत वर टेफ्लॉन टेप. आटे लावताना टेपचा धागा आत लोंबतो, तुटतो आणि नेमका चेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतो. निमुळत्या पाइपआट्यांना पातळ सीलंट लावा, तेही पहिले दोन आटे सोडून. फ्लेअर फिटिंगला, म्हणजे जिथे नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवलेलं असतं तिथे, काहीच लावायचं नसतं, तिथे धातूवर धातू बसतो.

फ्लेअर ३७ अंशांचा हवा. मोटारगाडीचं फ्लेअरचं हत्यार ४५ अंशांचं असतं. त्याने केलेला फ्लेअर विमानाच्या एएन फिटिंगवर बसल्यासारखा वाटतो, एका बारीक रेघेवर टेकतो आणि काही तासांनी पाझरतो. पाझरणारा जोड आणखी आवळणं ही सर्वांत सामान्य चूक. पाव इंची अॅल्युमिनियम नळीसाठी एसी ४३.१३-१बी या अमेरिकी विमान-नियामकाच्या मार्गदर्शिकेत ४० ते ६५ इंच-पौंड टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला आहे, स्टीलच्या नळीला १३५ ते १५०. स्टीलचा आकडा अॅल्युमिनियमला लावलात तर फ्लेअर कागदासारखा पातळ होतो. टॉर्क बरोबर असून पाझरत असेल तर उघडा, भिंगाने बघा, तडा किंवा ओरखडा असेल तर नळी नवी करा.

होज ताणून बसवू नका. दाबाखाली तो आखडतो, म्हणून लांबीच्या ५ ते ८ टक्के ढील ठेवा. त्याच्यावर छापलेली सरळ रेघ बसवल्यानंतरही सरळच दिसली पाहिजे. गोल फिरलेली दिसली तर होजला पीळ पडला आहे.

जोडल्यावर

तेल भरा, हवा काढा, तीच तीस मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या आणि आलेख जुन्याशेजारी चिकटवा. मग पंपाचा ब्रेकर ओढून डंप व्हॉल्व्हने गिअर उतरवा, निदान तीन वेळा, आणि पाय लॉक झाल्याचे तिन्ही हिरवे दिवे लागतात का ते बघा. पण जॅकवर वारा नसतो. नाकाचा पाय पुढच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याविरुद्ध उतरणारा असेल तर हँगरमध्ये छान लॉक होणारा पाय हवेत अर्ध्यावर अडखळू शकतो. गॅस स्ट्रट थकलेला असेल तर नक्कीच. म्हणून पहिल्या उड्डाणात, भरपूर उंचीवर, गिअर उतरवायच्या मर्यादित वेगाच्या बरंच खाली येऊन हा प्रयोग करा आणि किती सेकंदांत लॉक झाला ते लिहा.

हवेतच दाब गेला तर

पंप सारखा लागू लागला किंवा थांबेचना, तर आधी वेग गिअरच्या मर्यादेखाली आणा, कारण अपलॉक नसलेला गिअर आता केव्हाही स्वतःहून उतरू शकतो. मग ब्रेकर ओढा. बाहेर गळती असेल तर चालू पंप टाकी रिकामी करतो, मोटर जाळतो आणि बॅटरी खातो. गिअर नेहमीपेक्षा लवकर, उंची हातात असतानाच उतरवा. नेहमीच्या मार्गाने तिन्ही दिवे लागले नाहीत तर डंप व्हॉल्व्ह उघडा आणि उघडाच ठेवा. एखादा दिवा लागत नसेल तर आधी बल्ब अदलाबदल करून बघा, मग वेग कमी करून, हलकेच नाक डोलवून पायाला मदत करा. एकदा तिन्ही हिरवे लागले की गिअर पुन्हा वर घेऊन ‘तपासायचा’ मोह टाळा.

उतरल्यावर विमान ढकलण्याआधी लॉकिंग पिना घाला. दुवा ओव्हरसेंटर झालाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही पंखाखाली जाऊ देऊ नका. नंतर लॉगबुकात तारीख, तास, बदललेला भाग, तेलाची जात आणि चाचणीचे सहा आकडे लिहा. पुढच्या वार्षिक तपासणीत पंपाचं अंतर चाळीस मिनिटांवरून पंचवीसवर आलेलं दिसलं तर तुलना करायला हेच आकडे लागतील.